‘स्टँपीड’ आणि ‘चेंगराचेंगरी’: एक अर्थविचार

कन्हान हे नागपूर जिल्ह्यातील गाव कन्हान नदीकाठी, नागपूर–जबलपूर मार्गावर व हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. परिसरातील कोळशाच्या खाणींमुळे तेथे मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. गर्दीत माणसे मृत्युमुखी पडल्याची वार्ता अशा गावी तीन शब्दांनी पोहोचते. इंग्रजी वृत्तपत्र ‘स्टँपीड’ म्हणते, हिंदी वृत्तपत्र ‘भगदड’ म्हणते आणि मराठी वृत्तपत्र ‘चेंगराचेंगरी’. हे तीन शब्द परस्परांचे पर्याय म्हणून सर्रास योजिले जातात. वस्तुतः ते एकाच घटनेची तीन भिन्न कारणे सूचित करतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ भाषांतराच्या सोयीचा राहत नाही.

‘स्टँपीड’ हा शब्द इंग्रजीत मेक्सिकोतील स्पॅनिश भाषेतून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेमार्गे आला. मूळ स्पॅनिश शब्दात धडाका, मोठा आवाज हा अर्थ आहे. गुराख्यांच्या व्यवहारात तो बुजून उधळलेल्या गुराघोड्यांच्या कळपाला लागला आणि पुढे लक्षणेने माणसांना. या लक्षणेबरोबर एक गृहीतही आले. भय समूहाच्या अंगी उपजतच असते, ते अकारण पसरते आणि धावणारा समूह स्वतःच आपल्या नाशास कारण होतो, हे ते गृहीत होय. हिंदी ‘भगदड’ शब्दात पशूचा संबंध नाही, तथापि भागण्याची, म्हणजे पळण्याची, क्रिया तेथेही मध्यवर्ती आहे. नवल असे की, इंग्रजीतील ‘क्राउड’ हा जुना शब्द मुळात दाबणे, रेटणे या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. दाबाची ही जाणीव त्या भाषेत होती, परंतु दुर्घटनेचे नाव ठेवताना ती मागे पडली.

मराठीत उधळलेल्या गुरांसाठी ‘बुजणे’ आणि ‘उधळणे’ ही क्रियापदे आहेत. गुरे उधळतात, घोडा उधळतो. माणसाविषयी ‘उधळला’ म्हटले तर त्याच्या वर्तनावर टीका होते, गर्दीतील पळापळीचा बोध होत नाही. ‘स्टँपीड’चा शब्दशः प्रतिशब्द उपलब्ध असूनही मराठीने तो माणसांच्या मृत्यूला लावला नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. तिने निवडलेला शब्द धावण्याविषयी मौन पाळतो आणि दाब तेवढा सांगतो.

एवढ्यावरून मराठी शब्द निर्दोष ठरत नाही. ‘चेंगराचेंगरी’ ही ‘मारामारी’, ‘ढकलाढकली’, ‘रेटारेटी’ यांच्या जातीची रचना आहे. संस्कृत व्याकरणात ज्यास कर्मव्यतिहार म्हणतात, आणि ‘केशाकेशि’, ‘दण्डादण्डि’ ही ज्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत, त्या अन्योन्यक्रियेचा भाव या जातीत प्रबळ असतो. ‘लपवालपवी’सारख्या शब्दांत अन्योन्यता नसते, केवळ क्रियेचा पसारा असतो, हे खरे. तथापि रेटारेटीच्या शेजारी उभा असलेला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द ऐकणारा असेच समजतो की, माणसांनी माणसांना चेंगरले. जिना किती रुंद होता, अडथळा कोणी उभा केला, मागची वाट कोणी बंद केली, या प्रश्नांना त्या शब्दात जागा उरत नाही.

नागपूरच्या इतिहासात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातींच्या सवलतींची मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा निघाला. तो अडविण्यात आला आणि सायंकाळी लाठीमारानंतर उसळलेल्या गर्दीत ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. गोवारी हा परंपरेने गुरे राखणारा समाज. गावाच्या आखरावर कळप गोळा करणे व उधळलेले जनावर वळवून आणणे, हे ज्यांचे पिढीजात काम, त्यांच्याच मृत्यूला इंग्रजी वृत्तलेखनाने उधळलेल्या कळपाचा शब्द लावला. त्यात हेतू नसेल. पण शब्द हेतूची वाट पाहत नाही.

या घटनेची मराठी नावेही एक नाहीत. वृत्तांतांत ‘चेंगराचेंगरी’ आढळते, तर समाजाच्या व चळवळीच्या भाषेत ‘गोवारी हत्याकांड’ हा शब्द रूढ आहे. सीताबर्डीच्या परिसरातील स्मारक आणि उड्डाणपूल यांच्या नावांत मृतांना ‘शहीद’ म्हटले आहे. ‘हत्याकांड’ म्हणताच कर्ता सूचित होतो, ‘शहीद’ म्हणताच मृत्यूला प्रयोजन लाभते. अन्योन्यतेच्या शब्दाने जे झाकले, ते उघड करण्याचा हा प्रयत्न होय. ‘मोर्चा’ हा शब्दही येथे अर्थपूर्ण ठरतो. फारसीतून आलेला हा शब्द पूर्वी लढाईतील तटबंदीचा, तोफा रोखण्याच्या जागेचा होता. आज तो मागणी घेऊन चालणाऱ्या समूहाचा आहे. त्या दिवशी मोर्चा चालत होता आणि तटबंदी समोरच्या बाजूस होती.

गर्दीविषयीचे आधुनिक संशोधनही ‘स्टँपीड’ या नावास अनुकूल नाही. अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन याने १९९३ साली दाखविले की, दर चौरस मीटरला सुमारे सात माणसे झाली की समूह द्रवासारखा वागू लागतो आणि व्यक्तीच्या इच्छेला अर्थ उरत नाही. अशा दाटीत मृत्यू बहुधा श्वास कोंडून येतो, पुष्कळदा उभ्याउभ्याच. १९८९ साली इंग्लंडमधील हिल्सबरो क्रीडांगणावर झालेल्या दुर्घटनेचा दोष प्रथम प्रेक्षकांवर ठेवण्यात आला. २०१६ साली चौकशीतील पंचांनी त्यांना दोषमुक्त ठरविले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ माणसे मृत्युमुखी पडली. पावसामुळे तेथे माणसे खोळंबून उभी होती. धावण्यास जागाच नव्हती.

यावरून नवा शब्द घडविण्याची निकड सिद्ध होते असे नाही. मराठीतील मूळ क्रियापद पुरेसे समर्थ आहे. ‘बोट दारात चेंगरले’ या वाक्यात ‘दारात’ हे अधिकरण सहजच येते. ‘चेंगरणे’ हे क्रियापद ‘कशात?’ असा प्रश्न स्वतःच विचारते. द्विरुक्त नामाने हे अधिकरण गाळले आणि त्या जागी अन्योन्यता आणून बसविली. ‘चेंगराचेंगरीत ११४ ठार’ या वाक्याने वार्ता पूर्ण होते. ‘११४ माणसे चेंगरून मेली’ हे वाक्य मात्र अपुरे वाटते, कारण अडथळा, भिंत, जिना यांपैकी काहीतरी सांगावयाचे राहिले आहे, अशी जाणीव ते देते. कोशकारांनी ‘स्टँपीड’समोर ‘चेंगराचेंगरी’ हा एकच पर्याय देऊन थांबू नये. कळपाच्या बाबतीत ‘उधळणे’, भयाने पळण्याच्या बाबतीत ‘पळापळ’ आणि दाबाने आलेल्या मृत्यूच्या बाबतीत ‘चेंगरून मृत्यू’ असा भेद नोंदवावा. या भेदावर मृतांच्या दोषाचा किंवा निर्दोषत्वाचा प्रश्न अवलंबून आहे.