ख्रिस्ती उपासनेतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या टीकेने आजवर ग्रंथ म्हणूनच केला आहे. स्टीफन्सच्या पुराणाची भाषा, टिळकांची शैली, रमाबाईंच्या बायबलातील शब्दयोजना हे अभ्यासाचे विषय झाले. परंतु यांतील बराचसा मजकूर एकांतात वाचण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो समुदायाने उभे राहून, गुडघे टेकून किंवा मांडी घालून, एका स्वरात अगर अनेक स्वरांत उच्चारावा म्हणून लिहिला गेला. नाटकाची संहिता रंगभूमी डोळ्यांसमोर न आणता वाचली तर जे घडते, तेच या वाङ्मयाच्या बाबतीत घडले आहे. उपासनेचे वातावरण ही त्याची रंगभूमी होय, आणि ती सर्व ख्रिस्ती मंडळींत सारखी नाही.

या वातावरणभेदाची नेहमीची कारणमीमांसा सर्वांना परिचित आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स उपासना विधिप्रधान, प्रोटेस्टंट उपासना वचनप्रधान, तर पेन्टेकॉस्टल उपासना भावोत्कट. ही विभागणी चुकीची आहे असे नाही. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण ती भाषेच्या दारापाशीच थांबते. उपासना म्हणजे अखेर कोणीतरी कोणाशी तरी बोलणे. तेव्हा बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि बोलताना कोणाला आत घेतले व कोणाला बाहेर ठेवले, हे पाहिल्यावाचून वातावरणाचा उलगडा होणे कठीण. हा उलगडा करण्याचे एक साधन मराठीपाशी आयतेच आहे. ते म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन सर्वनामे.

ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचे असले की आपण ‘आम्ही’ म्हणतो; त्याला सामील करून घ्यावयाचे असले की ‘आपण’. इंग्रजीत हा भेद नाही. ग्रीकमध्ये आणि लॅटिनमध्येही तो नाही. साहजिकच प्रार्थनेचा अनुवाद करणाऱ्या मराठी अनुवादकाला मूळ लेखकाला कधीच न पडलेला प्रश्न ओळीओळीला पडतो. देवाशी बोलताना ‘आपण पापी आहोत’ असे म्हणता येणार नाही. तसे म्हटले तर देवही पाप्यांत जमा व्हावयाचा! तेथे ‘आम्ही’च हवे. उलट ‘या, स्तुती करू’ अशी हाक शेजाऱ्याला घातली की तेथे ‘आपण’ हवे. इंग्रजी गीते मात्र एकाच कडव्यात शेजाऱ्याकडून देवाकडे वळतात आणि पुन्हा माघारी येतात. त्यांच्या सर्वनामाला या वळणाचा पत्ताही नसतो. मराठीत ते वळण उघडे पडते. ही अनुवादकाची अडचण खरी. पण टीकाकाराला तिचा लाभ आहे, कारण उपासनेत तोंड केव्हा कोणाकडे आहे हे मराठी लपवू देत नाही.

हा प्रश्न भिलाईत राहणाऱ्याला विशेष जाणवतो. 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलाद कारखान्याचे काम सुरू झाले, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि कामाच्या निमित्ताने सगळा देश या वसाहतीत येऊन राहिला. त्या लोकांबरोबर त्यांच्या मंडळ्याही आल्या. केरळातून सुरियानी परंपरेचे ऑर्थोडॉक्स व मार थोमा आले; आंध्रातून तेलुगू मंडळ्या आल्या; छोटा नागपुरातून उरांव आले. छत्तीसगढी मिशनची परंपरा येथे आधीपासून होतीच. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने 1868 मध्ये विश्रामपूर वसविले, आणि 1899 पासून अमेरिकन मेनोनाइटांनी धमतरीत काम चालविले. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे 1854 पर्यंत होता, आणि ‘छत्तीसगढ मित्र’ काढून हिंदी पत्रकारितेचा येथे पाया घालणारे माधवराव सप्रे मराठी घराण्यातलेच. एकाच रविवारी सकाळी सायकलच्या अंतरावर चार प्रकारची उपासना ऐकावयास मिळावी, अशी गावे आपल्याकडे फार नाहीत.

या गावची गंमत अशी की मल्याळममध्ये ‘ञंगळ’ आणि ‘नम्मळ’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, उरांवांच्या कुडुख भाषेत ‘एम’ आणि ‘नाम’, अशी वगळणारी व सामावणारी सर्वनामे मराठीसारखीच वेगवेगळी आहेत. पण हे सारे लोक एकत्र उपासनेला बसतात तेव्हा समाईक भाषा असते हिंदी, आणि हिंदीत आहे एकटे ‘हम’. घरच्या प्रार्थनेत ज्याच्या कानाला भेद स्पष्ट ऐकू येतो, त्याला मंदिरातील प्रार्थनेत तो ऐकू येत नाही. मग तो भेद दाखवावा लागतो शरीराने. हात जोडले, डोळे मिटले, मान वर गेली की ‘हम’चा अर्थ ‘आम्ही’. उपदेशक टेबलावर किंचित पुढे झुकला की ‘आपण’. भाषेने सोडून दिलेले काम विधीने उचलावे, याचे इतके उघड उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

ऑर्थोडॉक्स कुर्बान्यात ही योजना फार जुनी आणि पक्की आहे. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, त्यांच्याच दिशेने, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उभा असतो. नवख्या माणसाला ही पाठ उपेक्षेची वाटते. वस्तुतः ती पाठ म्हणजेच ‘आम्ही’: तो लोकांशी बोलत नाही, लोकांच्या पुढे उभा राहून त्यांच्या वतीने बोलतो आहे. मधूनमधून सेवक ‘स्तौमेन कालोस’ अशी आज्ञा करतो. हा शब्द ग्रीक. तो सुरियानीत टिकला आणि तेथून मल्याळम उपासनेत आला. त्याचा अर्थ ‘नीट उभे राहू या’. हे ‘आपण’ आहे, आणि ते उच्चारणारा लोकांना उद्देशूनच उच्चारतो. पडदा सरकतो, धूप दरवळतो, घंटा किणकिणतात. या सगळ्याला पाहणारा शोभा समजतो. पण संबोधन बदलले याची खूण देण्याचे कामही त्यातून होत असते. अनुवादाच्या दृष्टीने आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. ‘हालेलुया’ हा शब्द कोणत्याच मंडळीने अनुवादिला नाही. कुर्बान्यात तो ठरल्या जागी, ठरल्या स्वरात येतो. दोन गल्ल्यांपलीकडच्या पेन्टेकॉस्टल सभेत तोच शब्द ढोलकाच्या आणि गिटारच्या साथीत प्रत्येकाच्या तोंडून आपापल्या वेळी फुटतो. शब्द एक, अर्थ एक. वातावरण मात्र दोन टोकांचे. उपासनेची शैली शब्दकोशात सापडत नाही ती यामुळे.

मराठीतील इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर काही गोष्टींचे महत्त्व बदलते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापले गेले, तेव्हा सासष्टीतला नवख्रिस्ती लॅटिन मिस्सेला हजर राहत असे आणि त्याला त्यातले काहीही कळत नसे. त्या भाषेत त्याच्यासाठी ना ‘आम्ही’ होते ना ‘आपण’. श्रोत्याला समोर बसवून त्याच्याशी बोलणारी ओवी या पुराणाने पुरविली, आणि उपासनेत जी जागा त्याला नव्हती ती श्रवणात दिली. मिस्सा मराठीत यावयास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 4 डिसेंबर 1963 चा उपासनाविषयक ठराव व्हावा लागला. त्यानंतर वेदी पुढे आली आणि धर्मगुरू लोकांसमोर तोंड करून उभा राहिला. वसईच्या ख्रिस्ती समाजाला या दोन्ही गोष्टी एकदमच मिळाल्या. त्यांचा परस्परसंबंध मात्र फारसा कोणी तपासलेला नाही.

प्रोटेस्टंटांची अडचण वेगळी होती. त्यांची उपासना आरंभापासून मराठीत होती. पण गाण्याची चाल विलायती. इंग्रजी चालीत आघात नियमाने एकाआड एक अक्षरावर पडतो. मराठीचे पद्य लघुगुरूंवर किंवा अक्षरसंख्येवर चालते. आघात तिच्यात दुबळा. त्यामुळे ‘प्रभु’सारखा दोन लघूंचा शब्द लांब स्वराखाली सापडला की त्याचा विनाकारण ‘प्रभूऽ’ होतो, आणि ‘देव’मधला मुका ‘अ’ उठून उभा राहतो. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी पदे रचिली आणि कीर्तनाचा उपासनेसाठी उपयोग केला, तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. कीर्तनाला सर्वनामे बदलण्याची सवयच असते. कीर्तनकार निरूपणात ‘आपण’ म्हणतो, अभंगात ‘मी’ होतो, गजरात सर्वांना एक करतो. आणि हे संक्रमण कोणाला खटकत नाही, कारण टाळमृदंग त्याची वर्दी देतात. इंग्रजी प्रार्थनापुस्तकाला जे पाने उलटून करावे लागते, ते येथे तालाने होते. अक्षरओळख नसलेल्या मंडळीत हा फरक लहान नव्हे.

रेव्हरंड टिळकांचे स्थान येथे येते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला ‘फुलामुलांचे कवी’ ही पदवी देऊन आपल्या टीकेने त्यांच्या भजनांना सांप्रदायिक म्हणून बाजूला सारले आहे. प्रस्तुत लेखकाला हा निवाडा मान्य नाही. ‘अभंगांजली’तील रचना कागदावर तुकोबांच्या छायेतील वाटतात, हे खरे, पण ‘उपासना संगीत’ हाती घेऊन बाकांवर बसलेल्या मंडळीत त्या ऐकल्या की त्यांचे कार्य कळते. सहा-सहा-सहा-चार या अक्षरबंधातील आखूड शेवटचा चरण समुदायाला श्वास घेण्यास अवकाश देतो. पुस्तक मिटूनही गाणे चालू राहते. याहून महत्त्वाचे असे की अभंगाबरोबर ‘मी’ आला. प्रार्थनापुस्तकातला कबुलीजबाब ‘आम्ही’चा असतो आणि त्या गर्दीत एकट्याला लपता येते. टिळकांच्या उत्तम भजनांत ती सोय नाही. शंभर माणसे एकदम ‘मी’ म्हणतात, आणि प्रत्येकाला तो आपलाच वाटतो.

मर्यादाही येथेच आहे. अभंगाची आर्तता एकट्याची असते. समुदायाने समुदाय म्हणून देवापुढे उभे राहावे, आपल्या समाजाच्या पापाचा भार मिळून उचलावा, हे बोलावयास टिळकांचा अभंग अपुरा पडतो. टिळकांना स्वतःला ही उणीव जाणवली असावी असा माझा तर्क आहे. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारिला तो केवळ गाणी पुरेशी होती म्हणून नव्हे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तर या शैलींची दोन्ही टोके एकत्र आली. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने झाला. तेथली उपासना ग्रंथबद्ध, प्रहरांनी बांधलेली, संयत. भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला क्रुसाचा वाद लहानसा पण बोलका आहे: गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यास रमाबाईंनी हरकत घेतली आणि संस्कृतची बाजू मांडली. वाद वरवर कोरीव अक्षरांचा, आतून तो ‘आम्ही’ कोणाचे, हा होता. पुढे 1905 च्या जूनअखेरीस केडगावच्या मुक्तिसदनात जे जागरण झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापली प्रार्थना करू लागल्या. पाहणाऱ्यांपैकी काहींना हा गोंधळ वाटला; रमाबाईंनी त्याची पाठराखण केली. ‘गोंधळ’ हा शब्द मराठीत देवीच्या उपासनेचाही वाचक आहे, हे टीका करणाऱ्या पाश्चात्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या ज्या मुलींच्या वतीने आजवर दुसरेच कोणी बोलत आले होते, त्यांनी ‘मी’ हे सर्वनाम उंच आवाजात उच्चारावे यात मला तर केवळ भावोद्रेक दिसत नाही. त्याच मुक्तीच्या छापखान्यात रमाबाईंचे साध्या मराठीतले बायबल तयार झाले, आणि त्या कामावर तिथल्याच बायका होत्या. 1922 मध्ये रमाबाई वारल्या. बायबल 1924 मध्ये बाहेर आले. भिलाईतील आजच्या पेन्टेकॉस्टल सभेतील कोलाहल मला नेहमीच प्रिय वाटतो असे नाही. ध्वनिक्षेपक त्यात फार असतो. पण त्याची हेटाळणी करण्यापूर्वी केडगाव आठवावे.

विधिबद्ध आणि देशी या दोन वाटा जोडण्याचा बुद्धिपूर्वक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी सहकाऱ्यांसह 1920 मध्ये ‘द युकॅरिस्ट इन इंडिया’ या पुस्तकात अँग्लिकन विधीऐवजी सुरियानी परंपरेवर आधारलेला भारतीय विधी सुचविला. म्हणजे भिलाईच्या मल्याळी मंडळीत आज जो कुर्बाना चालतो, त्याच कुळातले हे बीज त्या काळी मुंबई इलाख्यात पेरले गेले होते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली आणि निरनिराळ्या परंपरांचे लोक एका छत्राखाली आले. परंतु एकत्र आलेल्यांनी कोणत्या सर्वनामाने बोलावे, हा प्रश्न प्रत्येक गावी ज्याचा त्याने सोडविला. अलीकडे हिंदीवरून मराठीत आलेल्या कितीतरी भक्तिगीतांत ‘हम’ या शब्दासाठी सरसकट ‘आम्ही’ घातलेले आढळते, मग ओळ शेजाऱ्याला उद्देशून का असेना. गाणारे गाऊन जातात. पण शेजारी बाहेरच राहतो.

उलट दिशेचा प्रवासही नोंदण्यासारखा आहे. सांगळ्यांचे एक समर्पणगीत आल्डेन क्लार्क यांच्या इंग्रजी अनुवादातून पाश्चात्त्य गीतसंग्रहांत गेले, आणि तेही मूळ मराठी चालीसह. तेथे आता इंग्रजी शब्दांना आपले आघात मराठी चालीत बसवावे लागतात.