गर्जनेनंतरचा आवाज

आपल्या त्रैमासिकात आजवर कवितासंग्रहांची, कादंबऱ्यांची आणि क्वचित नाटकांची परीक्षणे आली. ध्वनिमुद्रित गाण्यांविषयी लिहिले गेले ते बहुधा अभंगवाणी आणि भावगीत यांच्यापुरतेच. त्यामुळे प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला जाणीव आहे. मुंबईच्या ‘स्क्राइब’ या वाद्यवृंदाचे दोन अल्बम, २०१० मधील ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ मधील ‘हेल मोगँबो’, यांविषयी मला लिहावयाचे आहे. पोस्ट-हार्डकोअर आणि त्याला लागून असलेला मेटलकोअर अशा दोन नावांनी हे संगीत ओळखले जाते. त्यात गायक बराच वेळ गात नाही, ओरडतो.

या विषयाशी माझी गाठ पडली ती गेल्या दिवाळीत. पुण्याला नोकरीस असलेला माझा पुतण्या भालकीला आला होता. माडीवरून येणारा आवाज ऐकून पाण्याचा पंप बिघडला की काय, असे मला वाटले. विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, हे गाणं आहे. कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय मी.” सरकारी नोकरीत असताना जत्रा, उरूस आणि लग्नाच्या वराती यांतील ध्वनिक्षेपकांविषयीच्या तक्रारी माझ्या टेबलावर येत असत. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांभोवतीचे शंभर मीटर मला अजून पाठ आहेत. आवाज कमी करण्याचे कागद लिहिण्यात ज्याची उमेद सरली, त्याने ओरडण्याचे रसग्रहण करावे, यातला विनोद माझ्याही लक्षात आला. तरीही पुतण्याने माझ्या मोबाईलमध्ये भरून दिलेली ती गाणी मी महिनाभर ऐकली. प्रारंभी दार लावून, पुढे उघडपणे.

ऐकता ऐकता लहानपणचा पोतराज आठवला. कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, पायांत चाळ, उघड्या अंगावर कोरडा ओढीत तो अशी किंकाळी फोडी की, आम्ही पोरे आईच्या पदराआड दडत असू. त्याच्या बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा असे. सारे आटोपले की तो कोरडा खांद्यावर टाकी आणि अगदी साध्या, थकलेल्या आवाजात म्हणे, “माय, रातची भाकर असंल तर वाढ.” किंकाळीची मला भीती वाटे, पण आज साठ वर्षांनंतर कानात राहिला आहे तो हा दुसरा आवाज. हे अल्बम ऐकताना मी नकळत त्याचीच वाट पाहत होतो. माझ्या परीक्षणाची कसोटी म्हणा किंवा पूर्वग्रह म्हणा, तो हाच.

या संगीताचे मूळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पंक संगीताचा हार्डकोअर हा कडवा अवतार अमेरिकेत १९८०च्या सुमारास रुजला. वॉशिंग्टनमधील ‘मायनर थ्रेट’ची कित्येक गाणी दीड-दोन मिनिटांत आटोपत. त्याच वाद्यवृंदातील इयन मकाय यांनी १९८७ मध्ये ‘फुगाझी’ची स्थापना केली. ओरडणे राहिले, पण त्यात थांबे आले, कुजबुज आली, तालाची मोडतोड आली. पोस्ट-हार्डकोअर म्हणजे ढोबळमानाने हेच. फुगाझीचे तिकीट साधारण पाच डॉलर असे. श्रोत्यांत कोणी धक्काबुक्की करू लागला तर गाणे थांबवून, पैसे परत देऊन त्याला बाहेर पाठवीत. कीर्तनात मध्येच बोलणाऱ्याला उठवून लावणारे बुवा मी पाहिले आहेत; पैसे परत देणारा मात्र पाहिला नाही.

स्क्राइब मुंबईत जमला तो २००५च्या सुमारास. विश्वेश कृष्णमूर्ती गायक, अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शाह गिटारवर, श्रीनिवास सुंदरराजन बास गिटारवर, वीरेंद्र कैथ ड्रमवर. नावे एका दमात वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. सुंदरराजन हे चित्रपट दिग्दर्शकही आहेत. ‘कन्फेक्ट’ हा त्यांचा अल्बम २००८ मध्ये आला आणि त्यामागून वर उल्लेखिलेले दोन.

माझे लक्ष प्रथम वेधले ते शीर्षकांनी. तेजा हा ‘अंदाज अपना अपना’ या १९९४ मधील चित्रपटातील खलनायक. जुळ्या भावांची भूमिका परेश रावल यांनी केली आहे, आणि खरा तेजा कोणता हे एका खुणेवरून ठरवावयाचे असते. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट फारसा चालला नाही; पुढे एका पिढीला तो तोंडपाठ झाला. मोगँबो तर १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’मधला, अमरीश पुरींचा. त्याचा जयजयकार हेच दुसऱ्या अल्बमचे नाव. वॉशिंग्टनच्या मंडळींनी आपल्या गर्जनेला असे नाव कधीही दिले नसते. त्यांचा क्रोध गंभीर होता, तत्त्वाचा होता. मुंबईच्या या पाच जणांनी तीच गर्जना उचलली आणि तिला हास्यास्पद खलनायकाचा मुखवटा चढवला. आपण ओरडतो आहोत आणि ओरडताना थोडे विचित्रही दिसतो आहोत, हे त्यांना ठाऊक आहे. उसन्या कलाप्रकाराला आपलेसे करण्याची ही रीत मला लबाडीची वाटत नाही, शहाणपणाची वाटते. एकनाथांनी भारुडात विंचवाच्या वेदनेचे सोंग आणले, तेव्हा लोक आधी हसलेच असतील.

‘मार्क’ या शब्दाने मला वेगळ्याच कारणाने थांबविले. दाखल्यांच्या नमुन्यात ‘ओळखीच्या खुणा’ असा रकाना असे. उजव्या भुवईवर तीळ, डाव्या हातावर भाजल्याचा डाग, असे काही लिहून आम्ही माणूस निश्चित करीत असू. त्याच कचेरीत कागद कन्नडमध्ये, पक्षकाराशी बोलणे दखनीत आणि घरी परतल्यावर मराठी, असे आमचे तीन आवाज. १९५६ मध्ये बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, तेव्हापासून खरा तेजा कोणता हा प्रश्न आमच्या तालुक्याला नवा नाही. त्यामुळे इंग्रजीत ओरडणाऱ्या आणि मध्येच हिंदी चित्रपटाकडे वळणाऱ्या या तरुणांची सरमिसळ मला खटकली नाही. मराठी मात्र तेथे शोधावी लागते, आणि ती मुंबई असल्यामुळे हे मला लागते.

सीमेवरच्या माणसाला सीमेवरचा अल्बम आठवल्यावाचून राहत नाही, आणि तुलनेसाठी तो मला पुतण्यानेच ऐकविला. ‘अॅट द ड्राइव्ह-इन’ हा वाद्यवृंद टेक्सासमधील एल पासोचा. नदीपलीकडे मेक्सिकोचे सिउदाद हुआरेस. तेथे १९९३ पासून तरुण स्त्रियांच्या हत्यांची मालिका सुरू झाली; त्यांतील अनेक जणी सीमेलगतच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या होत्या. सप्टेंबर २००० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘रिलेशनशिप ऑफ कमांड’ या अल्बममधील ‘इनव्हॅलिड लिटर डिपार्टमेंट’ हे गाणे या हत्यांविषयी आहे. सेड्रिक बिक्स्लर-झवाला यांचे शब्द दुर्बोध आहेत, पुतण्यालाही ते सारे उलगडून सांगता आले नाहीत. पण कडव्यांत ते ओरडत नाहीत. जवळजवळ बोलतात, पंचनामा वाचून दाखवावा तसे. किंकाळी येते ती नंतर. पंचनामे मी पुष्कळ वाचले आहेत. त्या कोरड्या भाषेच्या तळाशी काय दबलेले असते, हे मला कोणी सांगावयास नको. पोतराजाच्या क्रमाची ही उलटापालट आहे: आधी साधा आवाज, मग कोरडा.

या अल्बमच्या प्रकाशनानंतरची कथाही सांगण्यासारखी आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सिडनीच्या महोत्सवात श्रोते एकमेकांवर आदळू लागले, तेव्हा या मंडळींनी त्यांना खडसावले आणि थोडीच गाणी म्हणून व्यासपीठ सोडले. त्याच दिवशी, त्याच महोत्सवात, दुसऱ्या एका वाद्यवृंदाच्या वेळी गर्दीत चेंगरलेली एक किशोरवयीन मुलगी काही दिवसांनी मरण पावली. अल्बमची वाहवा होत असतानाच, २००१च्या पूर्वार्धात, वाद्यवृंद फुटला. ज्या ‘ग्रँड रॉयल’ने तो प्रकाशित केला, ती कंपनीही त्याच वर्षी बंद पडली. पुढे ही मंडळी पुन्हा एकत्र आली, पण ते वेगळे प्रकरण.

मुंबईत अशा गर्जनेला जागा मिळणेच कठीण. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत असे. या शतकाच्या आरंभी शांतता क्षेत्राच्या नियमाने ते खुले नाट्यगृह गप्प झाले. नियम माझ्याच पाठांतरातला! त्याची दुसरी बाजू निवृत्तीनंतर कळावी, हे माझे दुर्दैव. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडले आणि २०१६ पर्यंत नव्या वाद्यवृंदांना तेथे आसरा होता. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि एका आवारात रात्री गिटारी वाजू लागल्या. त्या आवारातल्या पहिल्या आवाजाविषयी या संगीताला काही म्हणावयाचे आहे का, हा प्रश्न मी कान देऊन ऐकताना वारंवार स्वतःला विचारला.

स्क्राइबचे वादन मला कसदार वाटले. दोन गिटारी एका ठोक्यावर थांबतात, श्वासाइतकी पोकळी राहते आणि मग सारे छतासकट खाली येते. ढोलकीपटूचा तोडा आवडणाऱ्या कानाला हे आवडण्यास हरकत नसावी. गायकाचा घसा आश्चर्यकारक आहे. मधूनमधून तो सुरातही येतो. तेव्हा मी सावरून बसे, आता मुखवटा उतरणार म्हणून. तो उतरत नाही. नाथांच्या भारुडात विंचवाचे सोंग संपता संपता उतारा येतो आणि हसणारा श्रोता गंभीर होतो. येथे तेजानंतर मोगँबो येतो. सोंगावर सोंग चढते, आणि चार वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन अल्बमांत कोण ओरडते आहे हे कळते, कशासाठी ते निसटते. ही माझी मुख्य तक्रार.

अपवाद एकच सांगतो, आणि तो त्यांच्या एका गाण्याच्या नावाचा आहे: ‘आय लव्ह यू, पावभाजी’. पुतण्या हे नाव सांगताना हसला, मीही हसलो. पावभाजी हे गिरणी कामगारांच्या घाईच्या जेवणातून आलेले खाणे, असे मुंबईत सर्रास सांगितले जाते. नाव ठेवताना या मुलांच्या मनात तसले काही असेल, असा माझा दावा नाही. पण एवढ्या गडगडाटात कोणी तरी भूक बोलून दाखवतो, तीही गाड्यावरच्या साध्या खाण्याची, तेव्हा मला कोरडा खांद्यावर टाकल्याचा भास झाला. गाणे सुरू होताच तो भास मोडतो, हे खरे.

शब्द नीट ऐकू येत नाहीत ही माझी अडचण पुतण्याला सांगितली. “काका, ते ऐकू यायलाच नको असतात,” असे म्हणून त्याने ती उडवून लावली. हे मला मान्य नाही. पुढच्या खेपेस गाण्यांचे शब्द कागदावर उतरवून आणण्याचे त्याने कबूल केले आहे. अक्षर मोठे ठेव, असे मी त्याला बजावले आहे.