प्रवासवर्णनातील हरवलेला मुक्काम

विलायतेच्या प्रवासवर्णनांची मराठी परंपरा आता जवळजवळ दीडशे वर्षांची होत आली. पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' 1883 सालचा. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' 1940 साली, गंगाधर गाडगिळांचे 'साता समुद्रापलीकडे' 1959 साली आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' 1960 साली वाचकांच्या हाती आली. ज्या घरांतून कोणी कधी बोटीवर पाऊल ठेवले नव्हते, त्या घरांस या ग्रंथांनी ओसरीवर बसल्या बसल्या युरोप दाखविला. हे ऋण लहान नव्हे. त्यानंतर आलेल्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांतील लेखांची तर गणतीच नाही.

तथापि या विपुल वाङ्मयात एक प्रकरण बहुधा सापडत नाही, आणि ते म्हणजे प्रवासाच्या आखणीचे. तयारी सापडते. लोकरीचे कपडे, पारपत्र, लोणच्याची बरणी, निरोप द्यावयास आलेल्या आप्तेष्टांचे सल्ले या गोष्टी मराठी लेखक मोठ्या रसाने सांगतो. परंतु तयारी निराळी आणि आखणी निराळी. अमुक मार्गच का पत्करला, या गावी चार दिवस आणि त्या गावी एकही नाही असे का, काय पाहावयाचे नाही हे कोणी व कशावरून ठरविले, या प्रश्नांपाशी लेखक थांबत नाही. एकदम विमानतळावर उतरतो आणि वर्णनास प्रारंभ करतो. हा दोष वरवरचा नाही, आजच्या प्रवासलेखनाच्या पुष्कळशा उणिवा त्यातून उद्भवल्या आहेत, असे आमचे नम्र मत आहे.

जुन्या लेखकांना या प्रकरणाची गरज नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रमाबाई 1883 साली निघाल्या तेव्हा संथपणा हा निवडीचा विषयच नव्हता. बोटीच्या गतीने जावे लागे, समुद्र देईल तितका अवकाश घ्यावा लागे, आणि मनास नव्या देशाची सवय होण्यास आठवडे मिळत. परिस्थितीनेच प्रवासाला लय दिलेली होती. आज मुंबईत रात्री विमानात बसलेला मनुष्य सकाळी रोमला न्याहारी करतो. आता संथपणा हवा असेल तर तो हेतुपुरस्सर निवडावा लागतो, कागदावर मांडावा लागतो, आणि त्यासाठी काही गोष्टींवर पाणी सोडावे लागते. म्हणून जी आखणी पूर्वी टिपणवहीत राहिली तरी चालत असे, तीच आज प्रवासवर्णनाचे पहिले प्रकरण झाली पाहिजे.

घाई ही मात्र विमानाने जन्मास घातलेली नाही. आमच्या इगतपुरीवरूनच एक घाईचा प्रवासी कल्पनेत का होईना गेलेला आहे. कसाऱ्याहून थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीस पोहोचली ती 1865 साली. 1869 साली सुएझचा कालवा उघडला आणि 1870 साली मुंबई–कलकत्ता हा लोहमार्ग जबलपुरावरून सलग झाला. या सोयींच्या बळावर ज्यूल व्हर्नने 1872 साली आपल्या नायकास 80 दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेस धाडले. फिलियास फॉग लंडनहून आगगाडीने पॅरिस, तुरीन करीत इटलीच्या टाचेवरील ब्रिंदिसी बंदरात आला. गाडी चार वाजता पोहोचली आणि बोट पाच वाजता सुटली. एवढाच त्याचा दक्षिण युरोप! मुंबईस उतरल्यावर त्याच दिवशी रात्री आठच्या गाडीने तो निघाला आणि अंधारात आमचा घाट चढून गेला. त्याच्या जवळ वेळापत्रक होते, आखणी नव्हती. पैज जिंकण्यास वेळापत्रक पुरते. देश पाहण्यास ते पुरत नाही, हे व्हर्नलाही ठाऊक असावे, कारण पाहण्याचे काम त्याने धन्याकडे न ठेवता बहुतांशी नोकराकडे सोपविले आहे.

आज फॉगचा वारसा सामुदायिक सहलीकडे आला आहे. तिची थट्टा करणे सोपे आहे, आम्ही ती करणार नाही. ज्यांना परकी भाषा येत नाही, ज्यांच्या रजेचे दिवस मोजके आहेत, ज्या वृद्ध स्त्रियांना एकटीने जाण्याचे धैर्य झाले नसते, अशा सहस्रावधी माणसांना या सहलींनी जग दाखविले आहे, आणि परदेशात वरणभाताचे पान वाढले आहे. तक्रार सहलीविषयी नसून तिने लेखनास लावलेल्या वळणाविषयी आहे. सहलीचा कार्यक्रम दुसऱ्या कोणी आखलेला असतो. लेखक त्याच क्रमाने लिहीत जातो, आणि परिच्छेदांची सांगड केवळ बसच्या थांब्यांनी घातली जाते. हा मनोरा, ते कारंजे, पुढे चला! असल्या वर्णनात चुकीचे काहीच नसते, परंतु लेखकाचे असेही काही नसते.

हे आम्ही दुरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी सपत्नीक अशाच एका सहलीस आम्ही गेलो होतो. दहा दिवसांत सात देश झाले. परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी सहज विचारले, "व्हेनिस कसं आहे हो?" आमच्या सौभाग्यवतींनी क्षणभर विचार करून उत्तर दिले, "रस्त्यांच्या जागी पाणी आहे." पुढे त्यांना काही सुचेना, आणि मलाही सुचेना. तेवढे तर आम्हांस जाण्यापूर्वीही ठाऊक होते.

म्हणून पुढील वसंतात चोवीस रात्रींचा, आगगाडी आणि बोट यांनीच करावयाचा दक्षिण युरोपचा प्रवास आम्ही योजिला आहे. गुडघे आणखी किती वर्षे साथ देतील हे सांगवत नाही, तेव्हा हा आमचा बहुधा शेवटचा दूरचा प्रवास ठरेल. पहिला आराखडा मी केला. त्यात चौदा गावे होती. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ती यादी असल्यामुळे कोणतेही गाव वगळणे मला कृतघ्नपणाचे वाटत होते. सौभाग्यवतींनी चष्मा लावून कागद वाचला आणि विचारले, "अहो, हे सगळं पाहायचं ते कळलं, पण बसायचं कधी?" एवढ्या मोजक्या शब्दांत केलेली मार्मिक टीका माझ्या वाचनात फारशी नाही.

त्यानंतर काटछाट सुरू झाली. व्हेनिस गेले, पिसा गेले. फ्लॉरेन्सपाशी मी अडलो. ते दान्तेचे जन्मगाव, ब्राउनिंग दांपत्य 1847 पासून तेथे राहिले आणि 1861 साली एलिझाबेथने तेथेच देह ठेवला. हे सारे मी सांगितले. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग रोम सोडा." परंतु रोममध्ये कीट्स आहे. 1821 साली स्पॅनिश पायऱ्यांशेजारच्या ज्या घरात तो पंचविसाव्या वर्षी गेला, ते घर आज संग्रहालय आहे. तीस वर्षे वर्गात ज्याच्या कविता शिकविल्या त्याच्या थडग्यापाशी एक सकाळ बसावे, ही माझी जुनी इच्छा. फ्लॉरेन्स गेले. ते गेल्याचे दुःख अद्याप आहे, आणि ते असणेच योग्य आहे. ज्या आराखड्यातून काहीही प्रिय वगळलेले नाही तो आराखडा नव्हे, ती नुसती अनुक्रमणिका.

उलट, माझ्या यादीत केवळ बोट पकडण्यापुरते असलेले बारी हे बंदर चार रात्रींचे धनी झाले. कारण असे की, तेथील जुन्या गावात बायका घराच्या दाराशी पाट मांडून कणकेचे लहान लहान तुकडे अंगठ्याने दाबून कानाच्या आकाराचे करतात आणि उन्हात वाळत घालतात, असे सौभाग्यवतींनी कोठेसे पाहिले होते. "म्हणजे आपल्या नखुल्याच की!" त्या म्हणाल्या. ज्यांनी लग्नघरी रुखवतासाठी नखुल्या आणि गव्हले केले आहेत, त्यांना त्या गल्लीत पाहण्यासारखे काय आहे, हे कोणत्या मार्गदर्शिकेने सांगावे? मीही तेथे अर्धा दिवस लिहिला होता.

आमचा आराखडा आता असा आहे. रोमला चार रात्री. मग नेपल्सच्या बंदरातून रात्रीच्या बोटीने सिसिली बेटावरील पालेर्मो, तेथे चार. पुढे सिराक्यूज येथे चार. तेथील ख्रिस्ती देवळाच्या भिंतीत ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक मंदिराचे खांब आजही जसेच्या तसे उभे आहेत. परत नेपल्स, पाँपेईसाठी दोन. मग बारी. तेथून एड्रियाटिक समुद्रावरून रात्रभराच्या बोटीने ग्रीसमधील पात्रास, आणि शेवटी अथेन्सला चार. एकूण सहा मुक्काम आणि दोन रात्री पाण्यावर.

या मार्गातील दोन जागा मराठी वाचकास मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत. सिसिलीहून इटलीच्या भूमीवर येताना मेसिनाची सामुद्रधुनी लागते. तिच्यावर पूल बांधण्याची चर्चा कित्येक दशके चालू आहे. तूर्त तेथे आगगाडीचे डबे तोडून बोटीच्या पोटातील रुळांवर ढकलतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. अरुंद जागी ही सामुद्रधुनी जेमतेम तीन किलोमीटरची, पण या सोपस्कारात दीड-दोन तास सहज जातात. घाईच्या माणसास हा खोळंबा वाटेल. इगतपुरीच्या माणसास वाटणार नाही. 37 फुटांस 1 फूट असा थळ घाटाचा चढ. कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिने लागतात आणि ती सुटेपर्यंत इगतपुरीस गाडी उभी राहते. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरतो, चहा घेतो, धुके पाहतो. 2019 पासून राजधानी गाडीस पुढे-मागे इंजिन जोडून हा वेळ वाचविण्यात आला, ते ठीकच झाले. परंतु ज्याला इगतपुरी आठवते, त्याला ती या उभ्या राहण्यामुळेच आठवते.

दुसरी जागा पात्रासची. माझ्या कपाटातील जुन्या मार्गदर्शिकेत पात्रासहून थेट अथेन्सला मीटरगेज गाडी जाते, आणि मी ती बिनदिक्कत आराखड्यात लिहिली होती. ती गाडी केव्हाच बंद झाली आहे. नवा रुंद मार्ग 2020 साली एगिओ गावापर्यंत येऊन पोहोचला, तेथपर्यंत बसनेच जावे लागते. एका भाच्याने हातातल्या फोनवर हे दाखविले, तेव्हा मला माझ्या पुस्तकी विद्वत्तेची थोडी लाज वाटली. संथपणा म्हणजे गाफीलपणा नव्हे. ज्याला निवांत बसावयाचे आहे, त्याने गाड्यांच्या वेळा इतरांहून अधिक काळजीने पाहिल्या पाहिजेत.

आणखी एक विरोधाभास आहे. या देशांच्या प्रवेशपरवान्यासाठी प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा आणि निदान 30,000 युरोंचा विमा दाखवावा लागतो. म्हणजे आमच्या आराखड्याचा पहिला वाचक परवाना देणारा अधिकारी! त्याच्यासमोर निवांतपणाही तारीखवार मांडावा लागतो. प्रथम मला हे जाचक वाटले. मग आठवण झाली ती वारीची.

आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते, आळंदीहून ज्ञानेश्वरांची निघते. सारे मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, रिंगणाच्या जागा ठरलेल्या. आषाढी एकादशीची तिथी तर टळतच नाही. आळंदीची पालखी पुण्यास दोन रात्री राहते आणि दिवे घाट चढून सासवडास पुन्हा दोन रात्री. मोटारीने काही तासांत उरकणारी वाट चालत सुमारे अडीच आठवडे पुरते, आणि या काटेकोर आखणीमुळेच वारकरी निश्चिंतपणे गातो. कोठे निजावयाचे याची त्यास चिंता नसते. निवांत प्रवासाचे शास्त्र आपण परक्यांकडून शिकावयास नको, ते आपल्या घरचेच आहे. आपल्या प्रवासवर्णनांत ते उतरले नाही, एवढेच.

अगदीच उतरले नाही असेही म्हणवत नाही. डॉ. मीना प्रभू यांनी ग्रीससाठी 'ग्रीकांजली', तुर्कस्तानसाठी 'तुर्कनामा' आणि इटलीसाठी दोन भागांचे 'रोमराज्य' लिहिले. एका देशास एक स्वतंत्र ग्रंथ देण्याचा हा संकल्पच मुक्कामाच्या बाजूचा कौल आहे. विस्तार कोणास अधिक वाटेल, तपशिलांची गर्दीही कोठे जाणवेल, परंतु दहा देश एका पुस्तकात कोंबण्याच्या हव्यासापासून ही वाट दूर आहे, आणि पुढच्या लेखकांनी ती सोडू नये.

असा प्रवास पैसा आणि रजा असणाऱ्यांनाच शक्य, हा आक्षेप खरा आहे. परंतु मुक्कामाचे तत्त्व चोवीस रात्रींवर अवलंबून नाही. ज्याला चारच दिवस आहेत त्याने एकच गाव घ्यावे. तेही न साधले आणि सहलीबरोबरच जावे लागले, तर लिहिताना तरी सातांपैकी सहा देश वगळण्याचे धैर्य दाखवावे. तेवढ्यानेही लेख सुधारेल.

आमच्या कागदावर अद्याप एक वाद मिटलेला नाही. अथेन्सच्या चार रात्रींपैकी एक काढून बारीस द्यावी, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. पार्थेनॉनसाठी मी ती राखून धरली आहे. याचा निकाल काय लागेल तो लागो. परत आल्यावर लिहिण्याचा योग आला, तर हा कागद, त्यावरील खाडाखोडीसह, आरंभीच वाचकांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे. युरोपहून परतलेल्या इतर लेखकांनीही आपापले कागद दाखवावेत, अशी त्यांस विनंती आहे. काय पाहिले हे ते सांगतातच. काय सोडले आणि कोठे थांबले, हेही वाचकांस कळू द्यावे.