सबक आणि सराव पाठ

मुस्लिम मराठी लेखकांची यादी काढली तर तीत शिक्षक बरेच निघतील. १९९० साली सोलापुरात आपले पहिले साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून अस्मितेवर आपण पुष्कळ लिहिले. मोहल्ला आला, दंगल आली, तलाक आला. पण मुलाला वाचायला शिकवताना मास्तरच्या मनात काय होते, ते आमच्या वाचनात क्वचितच आले.

अध्यापक विद्यालयातही हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाठ टाचण असते, सराव पाठ असतात. ‘तू स्वतः वाचायला कसा शिकलास?’ एवढेच राहून जाते. आमच्यापैकी अनेकांचे पहिले पुस्तक बालभारतीचे नव्हे, रेहलवरचा कायदा. जेर-जबर-पेश पाहून उच्चार बिनचूक करायचा; अर्थ नंतर कधीतरी. ज्यांना पुढे उर्दू मिळाली त्यांच्या पुस्तकांतून जेर-जबर गळाले, शब्द वाक्याच्या अंदाजाने ओळखावा लागला. मग देवनागरी, जिथे काना-मात्रा सगळे समोर मांडलेले. लिप्या दोन, वाचनाच्या रीती तीन. सबक घडाघडा म्हणता आला तरी तो समजलेला नसतो, हे इतरांना प्रशिक्षणात सांगावे लागते. आम्ही ते लहानपणीच अनुभवलेले असते. या भांडवलाची दखल कोणताही अभ्यासक्रम घेत नाही, आणि आपणही ते लपवतो.

आर्वीसारख्या गावात हे लपवणे अधिक बोचते. या वऱ्हाडी मुलखात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. कुणब्याचे पोर म्हणते, मुसलमानाचेही म्हणते. पहिल्याचा तो बोलीचा गोडवा ठरतो, दुसऱ्याचे मराठी कच्चे ठरते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एकच, बोलायला दोन. ज्याच्या घरात मराठी आहे त्या शिक्षकाला हा फरक सहसा जाणवतच नाही. ज्याला तो कष्टाने शिकावा लागला, तो मूल कुठे अडते ते चटकन ओळखतो.

आर्वीहून पन्नासेक किलोमीटरवर, वर्ध्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मातृभाषेतून शिक्षण हे त्या योजनेचे एक सूत्र. सूत्र योग्यच, पण घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि पुस्तकात पुणेरी असलेल्या मुलाला त्यातला एकवचनी शब्द तोकडा पडतो.

सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचे ‘टीचर’ (१९६३) आपल्याकडे आदराने वाचले जाते. न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांना त्या त्यांचाच शब्द विचारत, ज्यात भीती किंवा माया दडलेली आहे असा. तो कार्डावर लिहून देत आणि तिथून वाचन सुरू होई. पुस्तक मोठेच आहे. पण तिथे विचारणारी शिक्षिका गोरी, मुलांचा शब्द मागायला तिला कसला धोका नव्हता. आपल्या शिक्षकाचे तसे नाही. सराव पाठाच्या दिवशी निरीक्षक मागे बसलेले असताना ज्याने फळ्यावर ‘अम्मी’ टाळून ‘आई’ लिहिले, तो पुढे एखाद्या मुलीला ‘तुझा शब्द सांग’ कोणत्या तोंडाने म्हणणार? वॉर्नरबाईंच्या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या अडचणीकडे पाहावे.

‘आपला शिक्षक आपल्याच मुलांना बरा’, असे बिरादरीत काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ‘पोळा’ हा शब्द घेऊन येणाऱ्या पोरालाही असाच शिक्षक हवा, ज्याला परक्या शब्दाची धास्ती ठाऊक आहे.

जुन्या इंग्रजी गॅझेटियरात नोंद आहे की आर्वी तेलंगराव वलींनी वसवली असे मानतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांना आपले म्हणतात, दोघेही तिथे माथा टेकतात. तिसरीच्या वर्गाला यावर दहा ओळी वाचायला द्याव्यात. त्या जागेला समाधी म्हणायचे की मजार, इथेच वाचन अडेल. शिक्षकाने दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत आणि एकेकाला विचारावे, तुझ्या घरी काय म्हणतात.