अँड्रोमेडा ते देवयानी : ग्रीक पुराणकथांच्या नामांतराचा तौलनिक विचार

१

भारतीय भाषांतील ग्रीक पुराणकथांच्या स्वीकाराचा विचार बहुधा एकोणिसाव्या शतकापासून सुरू केला जातो. इंग्रजी शिक्षण, शालेय पाठ्यपुस्तके, नाट्यानुवाद आणि ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा परिचय असा त्याचा ठरलेला क्रम असतो. या मांडणीत साहित्यकृती केंद्रस्थानी असते. त्यामुळे साहित्याच्या बाहेर, पण साहित्याइतक्याच गंभीरपणे झालेले काही अनुवाद नजरेआड राहतात. मराठी खगोलविषयक लेखनात रूढ असलेली तारकासमूहांची नावे हा त्यांपैकी एक होय. अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, पर्सियस म्हणजे ययाति, कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, सेफियस म्हणजे वृषपर्वा. ही नावे मराठीत, तसेच हिंदीतही, पारिभाषिक संज्ञा म्हणून वापरली जातात. त्यांच्याकडे अनुवाद म्हणून मात्र क्वचितच पाहिले जाते. वास्तविक येथे एका संपूर्ण कथाचक्राच्या जागी दुसरे कथाचक्र ठेवलेले आहे. ही अदलाबदल कोणत्या तत्त्वावर झाली आणि तिच्यात काय साधले, काय गमावले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

या अदलाबदलीचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी आधीच्या काही पद्धती पाहणे आवश्यक आहे. जयपूर आणि त्याचा परिसर त्यासाठी सोयीचा आहे, कारण ग्रीक देवता व वीर या भूमीवर एकाहून अधिक वेळा आणि एकाहून अधिक रूपांत येऊन गेले आहेत.

पहिले आगमन नाण्यांवरून झाले. जुन्या जयपूर संस्थानातील बैराट येथे १९३५-३६ मध्ये दयाराम साहनी यांनी उत्खनन केले. तेथील बौद्ध विहाराच्या अवशेषांत ३६ चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी २८ यवन राजांची असून १६ एकट्या मिनँडरची आहेत. मिनँडरच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचे शिर आणि ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूस वज्र फेकणारी अथीना आणि खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख आढळतो. राजाच्या ‘सोतेर’ या बिरुदाचा ‘त्रातार’ असा अनुवाद या लेखात झालेला आहे. अथीनेचे नाव मात्र दोन्ही लेखांत नाही. राजपदाला भाषा बदलून मिळाली. देवता केवळ प्रतिमा म्हणून आली, तिची कथा मागेच राहिली. हाच मिनँडर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद म्हणून अवतरतो, तेव्हा त्याच्या अंगी असलेल्या एकोणीस विद्यांच्या यादीत ग्रीक देवतांचा किंवा काव्याचा मागमूसही नसतो.

दुसरे आगमन ज्योतिषातून झाले. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींना क्रिय, तावुरि, जितुम अशी नावे येतात. ही क्रिओस, तौरोस, दिदिमोइ या ग्रीक शब्दांची लिप्यंतरे आहेत. कुंभ राशीचे ‘हिद्रोखोओस’ हे ग्रीक नाव तेथे ‘हृद्रोग’ होते. पाणी ओतणाऱ्याच्या जागी हृदयाचा विकार येतो. ध्वनी टिकला, अर्थ हरवला. पुढे मेष, वृषभ, मिथुन ही अर्थानुवादित नावे स्थिर झाली. परंतु मेष म्हणजे सोनेरी लोकरीचा मेंढा, सिंह म्हणजे हेराक्लीसने मारलेला नेमियाचा सिंह, हा कथांश त्यांच्याबरोबर आला नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधील राशिवलय यंत्राची बारा उपयंत्रे या कथामुक्त राशींचीच आहेत.

तिसरे आगमन ग्रंथानुवादातून झाले आणि मराठी अभ्यासकाला त्याचे विशेष अगत्य वाटावे. १७२७ मध्ये जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांनी टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’चा ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने, तर युक्लिडच्या भूमितीचा ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात अवतार घडविला. दोन्ही अनुवाद ग्रीकवरून नव्हेत, अरबीवरून झाले. ही मधली पायरी महत्त्वाची आहे. टॉलेमीच्या सातव्या व आठव्या खंडांत ४८ तारकासमूहांची सूची येते. अरबी परंपरेने त्यांतील मानवी आकृतींची नावे पुष्कळदा वर्णनपर केली. अँड्रोमेडा ‘साखळदंडांतील स्त्री’ झाली, कॅसिओपिया ‘आसनावरची’ झाली, पर्सियस ‘राक्षसाचे मस्तक वाहणारा’ झाला. सेफियसचे नाव तेवढे ध्वनिरूपाने टिकले. येथे आकृती राहिली, कथेचा एखादा क्षण गोठून राहिला; पण साखळदंड कशासाठी आणि मस्तक कोणाचे, हे नावावरून कळेनासे झाले.

३

प्रतिमा, लिप्यंतर आणि वर्णन या तिन्ही पद्धतींत मूळ कथेच्या जागी दुसरी कथा येत नाही. देवयानी-ययाति या नामावलीने नेमके तेच केले. म्हणून मूळ कथा थोडक्यात समोर ठेवू.

इथिओपियाचा राजा सेफियस. त्याची राणी कॅसिओपिया हिने आपण समुद्रकन्यांहून सुंदर असल्याची बढाई मारली. पोसायडनने क्रोधाने पूर आणि सागरी राक्षस धाडला. राजकन्येचा बळी दिल्यास राज्य वाचेल असा अम्मोनचा कौल मिळाला आणि अँड्रोमेडाला किनाऱ्यावरील खडकाला साखळदंडांनी बांधण्यात आले. मेडुसाचे मस्तक घेऊन परतणाऱ्या पर्सियसने राक्षसाला मारून तिला सोडविले व तिच्याशी विवाह केला. युरिपिडीसने इ. स. पू. ४१२ मध्ये याच विषयावर रंगभूमीवर आणलेले नाटक आज अखंड उपलब्ध नाही. ओव्हिडच्या काव्यामुळे कथा युरोपभर परिचित राहिली.

महाभारताच्या आदिपर्वातील कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. वस्त्रांच्या अदलाबदलीवरून झालेल्या भांडणात असुरराज वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा शुक्रकन्या देवयानीला विहिरीत ढकलते; मृगयेला आलेला ययाति तिला हात देऊन बाहेर काढतो. शुक्राचार्य असुरांना सोडून निघतात, तेव्हा शर्मिष्ठा कुळाच्या रक्षणासाठी देवयानीचे दास्य पत्करते.

नामांतर करणाऱ्याने या दोन कथांत सुटकेचा प्रसंग समान मानला. संकटात अडकलेली तरुणी, अकस्मात येणारा वीर, पुढे विवाह, हे साम्य उघड आहे. त्यावरून अँड्रोमेडा देवयानी झाली आणि पर्सियस ययाति झाला. उरलेल्या दोन जागा भरण्यासाठी त्याच कथेतील उरलेली पात्रे घेतली गेली. येथेच नात्यांची गाठ उलटी पडते. सेफियस आणि कॅसिओपिया हे पती-पत्नी होते; वृषपर्वा आणि शर्मिष्ठा हे पिता-पुत्री आहेत. आईच्या जागी प्रतिस्पर्धी आली. सिंहासनावर बसलेल्या राणीच्या जागी दासी आली.

सुटकेऐवजी बळी हा प्रसंग केंद्रस्थानी धरला असता, तर समीकरण निराळेच झाले असते. राज्य वाचविण्यासाठी पित्याकडून दिली जाणारी कन्या ही अँड्रोमेडा. आणि असुरकुळ वाचविण्यासाठी दिली जाणारी वृषपर्व्याची कन्या ही शर्मिष्ठा. बांधणीच्या दृष्टीने अँड्रोमेडा शर्मिष्ठेच्या अधिक जवळ आहे. दोघींत भेदही आहे. अँड्रोमेडा दुसऱ्याच्या अपराधासाठी बळी जाते, शर्मिष्ठा स्वतःच्या अपराधाचे मोल देते. अँड्रोमेडाला बांधले जाते, शर्मिष्ठा स्वतः पुढे येते. तरीही सेफियस-वृषपर्वा हे पितृत्व त्या समीकरणात अबाधित राहिले असते. प्रचलित नामावलीने वीराचे कर्तृत्व निवडले आणि कन्येचे दान मागे सारले. ही निवड तटस्थ नाही. ती एक अर्थनिर्णय आहे.

मराठी साहित्याने या कथेचे जे पुनर्वाचन केले, त्याच्याशी ही निवड ताडून पाहण्यासारखी आहे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांचीही निवेदने आहेत. शर्मिष्ठेला तेथे स्वतःचा आवाज मिळतो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) या नाटकातही ती दुय्यम राहत नाही. म्हणजे दास्य पत्करणाऱ्या कन्येचा प्रश्न साहित्याने पुढे आणला. आकाशाच्या नकाशात तिला गर्विष्ठ राणीचे आसन मिळाले, तिची कहाणी मात्र तेथे पोचली नाही.

४

कथांतराच्या शिवणी मात्र दिसत राहतात. तिमिंगल हा तारकासमूह म्हणजे मुळातला सागरी राक्षस. ययातिकथेत त्याला काहीच काम नाही. पर्सियसच्या हातातील मेडुसेचे मस्तक अल्गोल या ताऱ्याच्या अरबी नावात उरले आहे; ययातीच्या हाती असे मस्तक असण्याचे कारण नाही. नवी कथा आकाशाचा एक भाग झाकते, शेजारचा भाग जुन्याच कथेचा राहतो.

दुसरीकडे, नामांतर करणाऱ्याने कदाचित न योजिलेले अर्थही या जुळणीतून उमटतात. हिरोडोटसने नोंदविलेल्या कथेनुसार पर्सियस-अँड्रोमेडा यांचा पुत्र पर्सिस हा पारसिकांचा नामपुरुष ठरतो. आदिपर्वातील वंशकथनात यदूपासून यादव आणि तुर्वसूपासून यवन झाले असे सांगितले आहे. तुर्वसू हा देवयानीचा पुत्र. दोन्ही परंपरा परक्या लोकांचे मूळ अशाच सुटकेनंतरच्या विवाहात शोधतात, आणि अँड्रोमेडाची जागा घेणारी देवयानी भारतीय परंपरेत यवनांची आदिमाता आहे. त्याचप्रमाणे ययाति हा पुण्य क्षीण झाल्यावर, खरे तर अहंकारामुळे, स्वर्गातून खाली पडलेला राजा. दरवर्षी ऑगस्टमध्ये पर्सियसमधून दिसणारा उल्कावर्षाव मराठीत ययातीतील उल्कावर्षाव म्हटला जातो, तेव्हा हे पतन आठवल्यावाचून राहत नाही. हेराक्लीसच्या तारकासमूहाला मिळालेले ‘शौरी’ हे नावही असेच आहे. शूरसेनांच्या देशात, मथुरेत, हेराक्लीसची पूजा होते असे मेगॅस्थेनीसच्या आधारे एरियनने लिहिले आहे. तेथे ग्रीकाने भारतीय देवाला आपले नाव दिले होते. मराठी नामावलीत ग्रीक वीराला कृष्णकुळाचे नाव मिळते आणि ते जुने समीकरण उलट दिशेने पूर्ण होते.

५

यावरून तौलनिक अभ्यासासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ‘अमुक म्हणजे आपला तमुक’ हे समीकरण शोधाचा शेवट मानता येत नाही. प्रत्येक समीकरणामागे कथेतील कोणता प्रसंग निर्णायक मानला, हा प्रश्न विचारावा लागतो. अकिलीस आणि कर्ण, हेराक्लीस आणि भीम अशा जोड्या आपल्या समीक्षेत सहज येतात. त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. दुसरी अशी की, संपर्क आणि सादृश्य या दोन कोटी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. बैराटची अथीना प्रत्यक्ष संपर्काने आली, पण तिची कथा आली नाही. देवयानी हे नाव सादृश्याने आले, आणि त्याने एका कथेवर दुसरी कथा बसवली. जगन्नाथ सम्राट यांच्या अनुवादात संपर्क आहे, तोही अरबीच्या मध्यस्थीने. प्रभाव या एकाच संज्ञेखाली या तिन्ही व्यवहारांची गणना केल्यास त्यांतील भेद पुसला जातो.

देवयानी, शर्मिष्ठा ही नावे बदलावीत असा येथे आग्रह नाही. ती रुळली आहेत आणि त्यांनी मराठी वाचकाला आकाश आपलेसे करून दिले आहे. परंतु पाठ्यपुस्तकांत व कोशांत ती देताना दोन्ही कथा शेजारी ठेवाव्यात, म्हणजे अँड्रोमेडाचे साखळदंड आणि शर्मिष्ठेचे दास्य दोन्ही दिसतील आणि समीकरणाची किंमत वाचकाला स्वतः ठरविता येईल. ग्रीक पुराणकथांच्या मराठी स्वीकाराचा इतिहास लिहिताना नाट्यानुवादांबरोबर नाणी, ज्योतिषग्रंथ आणि तारकानामावली यांचाही समावेश करावा लागेल, कारण देवतांनी आणि वीरांनी आपल्या भाषेत प्रवेश केला तो पुष्कळदा याच मार्गांनी.