सरांचे कोणते, मुलांचे कोणते?

गेल्या दिवाळीत नात आमच्याकडे राहायला आली होती. ती चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकते. त्यामुळे आल्यागेल्याला माझ्या कपाटातले काय दाखवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिने परस्पर आपल्याकडे घेतला आहे. फराळाच्या बशा उचलल्या गेल्या, आणि तिने भारतीय संविधानाच्या मूळ सचित्र हस्तलिखिताची छापील प्रतिकृती काढून सतरंजीवर मांडली. चार पाने उलटून तिने विचारले, "आजोबा, यातली सरांनी काढलेली कोणती, आणि मुलांनी काढलेली कोणती?"

मी हा ग्रंथ पुष्कळ वर्षे बाळगून आहे. हा प्रश्न मात्र मला कधी सुचला नव्हता.

सर म्हणजे नंदलाल बोस, शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख. रवींद्रनाथांनी १९२१ साली स्थापिलेल्या विश्वभारतीला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ साली. ही चित्रे त्याच्या थोडी आधीची. इंग्रजी मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या सुंदर हस्ताक्षरातला. घटनेचे मूळ भाग बावीस, आणि प्रत्येक भागाच्या शिरावर एक चित्र. २४ जानेवारी १९५० रोजी या प्रतींवर सभासदांच्या सह्या झाल्या. एवढे सारे एका हाताचे काम नव्हे. सरनाम्याभोवतीची नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिंहांची. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास. सिंहशीर्ष रेखाटणारे दीनानाथ भार्गवही असेच विद्यार्थी. दगडी सिंह नीट उतरावेत म्हणून ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह न्याहाळत बसत, असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. विद्यार्थ्याला संशोधन शिकवायचे ते याहून वेगळे काय असते?

आपण मात्र हा ग्रंथ उघडतो तो आपले माणूस शोधायला. मीही तेच केले होते. पंधराव्या भागावर गुरु गोविंदसिंगांच्या जोडीला शिवाजी महाराज आहेत, हे पाहून माझी छाती फुगली होती. पुढे लक्षात आले की तो भाग निवडणुकांचा! मग निवडणुका आणि महाराज यांचा संबंध जुळवण्यात मी एक अख्खी दुपार घालवली. असे संबंध जुळवणारे आजही पुष्कळ आहेत. मूलभूत हक्कांवर राम-सीता-लक्ष्मण का, मार्गदर्शक तत्त्वांवर गीतोपदेश का, यावर हिरिरीने वाद होतात. माझे मत आता असे झाले आहे की चित्रकारांनी कायद्याचा मजकूर चितारलेलाच नाही. मजकूर आपल्या वाटेने जातो, आणि त्याच्या डोक्यावरून देशाचा इतिहास आपल्या वाटेने. मोहेंजोदडोचा बैल, वैदिक गुरुकुल, रामायण, महाभारत, मग बुद्ध, महावीर, अशोक. अकबर चौदाव्या भागावर, म्हणून महाराज पंधराव्यावर. वित्त, मालमत्ता आणि करार यांच्या भागावर नटराज नाचतो आहे, त्याचा याहून दुसरा खुलासा मला तरी सापडत नाही. मधे क्रमही थोडा ढळतो; महाबलिपुरमचे शिल्प नटराजाच्या आधी यायला हवे होते.

चित्रे म्हणून सगळी सारखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जुन्या शिल्पांवरून घेतलेली चित्रे नेटकी आहेत, पण त्यांत नक्कलेचा सावधपणा राहून गेला आहे. ज्या नंदलालांनी १९३० साली एका लिनोकटात काठी घेऊन निघालेले गांधीजी मोजक्या रेषांत उभे केले, त्यांच्या मापाने पाहता इथली काही पाने कोरडीच वाटतात. खरी मौज शेवटच्या तिनांत आहे. सतराव्या भागावर दांडीयात्रा, अठराव्यावर नौखालीतले गांधीजी, एकोणिसाव्यावर नेताजी, आणि मग माणसांचा इतिहास संपतो. पुढे हिमालय, वाळवंट, समुद्र. इथे कोणी वीर नाही, कोणाचा पंथ नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. आणि ती कोणाला सुचली असेल, या विचाराशी मी पुन्हा नातीच्या प्रश्नावर येतो.

नंदलालांची रीतच सामुदायिक होती. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी स्वतः काही मूळ चित्रे काढली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या, आणि मंडपासाठी सुमारे चारशे चित्रे उभी राहिली. तरुणपणी ते अजिंठ्याला जाऊन भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करीत राहिले होते. तिथे कोणत्या चित्रकाराने पद्मपाणी काढला हे कोण सांगणार? गुरूने आराखडा करावा, शिष्यांनी रंग भरावेत, नाव कोणाचेच नसावे, हा तिथला धडा त्यांनी उचलला असावा.

पण लेण्यांत नाव कोणाचेच नव्हते. इथे एकाचे राहिले. "संविधानाची चित्रे नंदलालांची" असे आपण सरसकट म्हणतो. मीही म्हणत आलो. आणि हे मी म्हणावे, याची मला लाज वाटते. महाविद्यालयात असताना आम्ही तिघांनी एका प्राध्यापकांच्या ग्रंथाची शब्दसूची दोन उन्हाळे बसून केली होती. प्रस्तावनेत आमचा उल्लेख "काही होतकरू विद्यार्थी" एवढाच झाला. त्या होतकरूपणाचा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रायजादा याबाबतीत शहाणे. त्यांनी मानधन नको म्हटले, पण पानापानावर आपले नाव मागून घेतले, असे सांगतात.

"सगळी सांगता येणार नाहीत," असे मी नातीला म्हणालो. तिला ते उत्तर पसंत पडले नाही. तिने माझे भिंग मागून घेतले आणि सरनाम्याच्या पानावर ओणवी होऊन उजवीकडचा खालचा कोपरा तपासू लागली. नक्षीत बारीक अक्षरांत "राम" अशी सही सापडली, तेव्हा ती एवढ्याने ओरडली की स्वयंपाकघरातून तिची आजी बाहेर आली. मग तिने पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.