समुद्राचे रंग आणि मागण्याची कला

वर मागण्याच्या लोककथा मुलांना सांगताना आपण बहुधा तात्पर्याच्या घाईत असतो. ‘अति लोभ करू नये’ एवढे म्हटले की कथा संपली, असे आपण मानतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील ‘कोळी आणि त्याची बायको’ ही जर्मन कथा या घाईत फार नागवली गेली आहे, असे आमचे मत आहे. तिची सचित्र बालआवृत्ती हाती आल्यास ती कोणत्या कसोटीवर पारखावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथानक परिचित आहे. कोळ्याच्या गळाला मासा लागतो. तो मंत्राने बद्ध झालेला राजपुत्र निघतो. कोळी काहीही न मागता त्यास सोडून देतो. बायको इल्झेबिल मात्र त्याला पुन्हा समुद्रावर धाडते. खोपटाऐवजी आधी टुमदार घर, मग दगडी वाडा, मग राजेपद, सम्राटपद, पोपपद. आणि शेवटी सूर्यचंद्र आपल्या आज्ञेने उगवावेत म्हणून देवपद! ते मागताच दोघे पुन्हा मूळ खोपटात.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात ही कथा आली ती फिलिप ओटो रुंगे या चित्रकाराच्या लेखणीतून. १८०६ मध्ये त्याने ती पोमेरानियातील बोलीत लिहून पाठविली. रुंगे रंगांचा गाढा अभ्यासक. रंगगोलाविषयीचा त्याचा ग्रंथ १८१० मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. हा तपशील येथे अत्यंत महत्त्वाचा आहे. आरंभी कोळी नितळ पाण्याकडे पाहत बसलेला असतो. पहिल्या मागणीच्या वेळी पाणी हिरवे-पिवळे होते, दुसऱ्या वेळी जांभळे, गडद निळे व दाट. पुढे काळसर करडे होऊन तळापासून उसळू लागते. शेवटी मनोऱ्यांएवढ्या काळ्या लाटा उठतात. म्हणजे कथेतील चित्रे कथाकारानेच शब्दांत रंगवून ठेविली आहेत. वाडे आणि मुकुट ही केवळ प्राप्ती. तिची किंमत समुद्रावर नोंदली जात असते.

कथेचा संक्षेप करणाऱ्यास हीच वर्णने प्रथम अनावश्यक वाटतात, आणि चित्रकारास सिंहासनाचा मोह पडतो. पुश्किनने १८३३ मध्ये याच कथेला रशियन पद्यरूप दिले, तेव्हा पोप व देवपद वगळून म्हातारीस अखेरीस सागराचीच स्वामिनी होण्याची इच्छा दिली. पण समुद्राचे क्रमाने खवळणे त्याने सोडले नाही. श्रेष्ठ कवीला कथेचे मर्म कोठे आहे हे अचूक कळले होते. ज्या आवृत्तीत प्रत्येक पानावर समुद्र एकाच निळ्या रंगाचा असेल, ती कितीही देखणी असली तरी आम्ही तीस अपुरी म्हणू.

दुसरी कसोटी कोळ्याची. चित्रांत तो बिचारा आणि ती कजाग, अशी सोपी वाटणी होते. मूळ कथेत तसे नाही. ‘हे योग्य नव्हे’ असे तो मनाशी म्हणतो आणि तरीही जातो. आयुष्यभर अर्जांच्या फायली हाताळलेल्या आमच्यासारख्यास हा मनुष्य ओळखीचा वाटतो: मागणी दुसऱ्याची, जबाबदारी कोणाचीच नाही. पाणी बदलताना पाहिले ते त्यानेच. घरी येऊन त्याने ते स्पष्टपणे सांगितले मात्र नाही.

या कथेशेजारी आपल्या माळव्याच्या हिंदी भाषक शेजारघरांतील गणेशकथा ठेवून पाहावी. आंधळ्या म्हातारीस गणपती एकच वर देऊ करतो. मुलगा म्हणतो, धन माग. सून म्हणते, नातू माग. शेजारीण म्हणते, दृष्टी माग. म्हातारी मागते, ‘नातवाला सोन्याच्या वाटीत दूध पिताना पाहू दे.’ एका वाक्यात सर्वांचे मागणे सामावते. इल्झेबिलला पाच वर मिळूनही जे साधले नाही, ते हिला एकात साधले; कारण मागण्यापूर्वी तिने घरातील प्रत्येकाचे ऐकून घेतले. तथापि या कथेत समुद्र नाही. मागण्याला काही किंमत पडते, हे ती सांगत नाही. म्हणून मुलांना दोन्ही कथा सांगाव्यात, असे आम्ही आग्रहाने म्हणू.

आपल्या जुन्या मराठी घरांतही आज मागणी विभागलेली आहे. मुलांना नोकरी हवी, नातवंडांना इंग्रजी हवी, आपणास मराठी हवी. कोणाचे मागणे खोटे नाही. ते एका वाक्यात बसविणारी म्हातारी मात्र घराघरांत हवी आहे. ‘लोभ वाईट’ एवढेच शिकलेले मूल मागायचेच विसरेल. कसे मागावे हे त्याने म्हातारीकडून शिकावे, आणि मागताना पाण्याचा रंग पाहावा हे रुंगेकडून.